सदाफुली, नोनी, सायकस: बेटांवरचे उपाय घरी करताना या चुका टाळा

नागपुरात सकाळी फुटाळा तलावावर नाहीतर सेमिनरी हिल्सवर फिरायला जा, शुगरचा विषय निघाला की कोणीतरी सांगतंच: सदाफुलीची चार पानं उपाशीपोटी चावा, काका. हे झाड मूळचं मादागास्कर बेटावरचं. जमैका बेटावरही मधुमेहासाठी त्याचा काढा पीत असत. उपाय जुना आहे, मान्य. पण पुढे काय झालं ते फुटाळ्यावर कोणी सांगत नाही.

१९५२ साली जमैकातून ही पानं कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे पोचली. साखर उतरते का, हे त्यांनी उंदरांवर पाहिलं. तोंडावाटे देऊन काही फरक पडला नाही. अर्क टोचला तेव्हा मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. याच शोधातून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं. त्याचंच भावंड व्हिनक्रिस्टिन आज लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. पेशींची वाढ रोखणारी द्रव्यं ज्या पानात आहेत, ते पान रोज अंदाजाने चावायचं, हे मला तरी पटत नाही. एका पानात किती द्रव्य आहे, हे चव घेऊन कळत नाही. मधुमेहाची गोळी चालू ठेवून वर हे घेणारे तर दोन्हींचा हिशोब चुकवतात. गरोदर बाईने याच्या वाटेला जाऊच नये. कोणी आधीपासून खात असेल तर आजच थांबवा, डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि रक्तातल्या पेशींची तपासणी करून घ्यावी का, ते विचारा. ‘घरगुतीच तर आहे’ म्हणून लपवू नका.

दुसरी चूक नोनीच्या बाटलीची. हवाई, ताहिती या बेटांवर नोनी या झाडाची पानं जखमेवर, दुखऱ्या सांध्यावर बांधत. पिकलेल्या फळाला इतका उग्र वास येतो की ते आवडीने खाणारे थोडेच. रोज सकाळी झाकणभर रस ही अलीकडच्या बाजाराची देणगी. रक्तातलं पोटॅशियम वाढू नये म्हणून किडनीच्या रुग्णाला डॉक्टर संत्र्याचा रस बंद करतात. नागपूरच्या माणसाला ही शिक्षाच! मग घरचे प्रेमाने नोनी आणून देतात. तिच्या रसातलं पोटॅशियम साधारण संत्र्याच्या रसाइतकंच असतं. किडनीच्या एका रुग्णाचं पोटॅशियम नोनीच्या रसामुळे वाढल्याची नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००० साली केली होती. किडनी अधू असेल तर बाटली बंदच ठेवा.

सायकस हे ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड धरमपेठ, रामदासपेठेतल्या कित्येक बंगल्यांच्या दारात दिसतं. त्याच्या लालभडक बिया मुलांना आणि कुत्र्यांना भुरळ घालतात. त्या विषारी आहेत. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर याच झाडापासून पीठ काढतात, तेही भिजवणं, धुणं, आंबवणं, वाळवणं असे सोपस्कार केल्यावरच. ओकिनावात १९२० च्या दशकातल्या हलाखीत लोकांना सायकसवर दिवस काढावे लागले. विष नीट न निघाल्याने काही जण दगावले. त्या काळाला तिथे आजही ‘सायकसचा नरक’ म्हणतात. अशा पिठाच्या व्हिडिओत तयार पीठ दिसतं, त्यामागची मेहनत कापलेली असते. आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरचे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, उकळून त्याचं पाणी फेकतात, त्यामागेही विष काढून टाकण्याचंच कारण आहे. ‘पाण्यात सत्त्व असतं’ म्हणून ते भाजीत ओतणारे आजकाल भेटतात. तसं करू नका.

कावाची गोष्ट थोडक्यात. फिजी, व्हानुआतूत या झुडपाचं मूळ कुटून पाण्यात कालवून पितात. युरोपात त्याचा तीव्र अर्क कॅप्सूलमध्ये भरून विकला गेला, यकृताच्या तक्रारी आल्या आणि २००२ मध्ये जर्मनीने ही औषधं बंद केली. २०१४ मध्ये तिथल्या कोर्टाने ती बंदी उठवली. वाद मिटलेला नाही. शांत झोपेसाठी ऑनलाइन मागवायचा मोह झालाच, तर दारू आणि इतर गोळ्यांसोबत तरी घेऊ नका. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर लगेच बंद करून डॉक्टर गाठा.

मुलाने सायकसची बी चावली असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. तोंडातले तुकडे काढा, उरलेली बी आणि पान पिशवीत घ्या आणि नागपुरात मेडिकल किंवा मेयो यांपैकी जे सरकारी रुग्णालय जवळ असेल त्याच्या कॅज्युअल्टीत थेट जा. मूल खेळतंय, ठीक दिसतंय म्हणून घरी थांबू नका. यकृतावरचा परिणाम एक-दोन दिवसांनीही दिसू शकतो.