सेकंडहँड पीसी सुरू होत नाही? मदरबोर्डला दोष देण्याआधी रॅमचा स्लॉट बघा

जुना पीसी घरी आणून बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला, की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘विंडोज नव्याने टाक’ आणि ‘मदरबोर्ड गेला’. पहिला सल्ला बिनकामाचा, कारण कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नसेल तर प्रकरण विंडोजपर्यंत पोचलेलंच नसतं. दुसरा खिशाला महाग पडतो.

आधी नक्की काय होत नाही ते पाहा. पंखा, दिवा काहीच नसेल तर दोष विजेच्या बाजूला. पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, तर बहुधा रॅम, म्हणजे मदरबोर्डाच्या स्लॉटात बसणारी मेमरीची पट्टी. लोगो येऊन अडकत असेल तर डिस्क किंवा सेटिंग.

विजेची बाजू पटकन उरकते. जुन्या एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) मागे ११५/२३० असं लाल बटण असेल, तर ते २३० वरच हवं आणि ते प्लग लावण्याआधी बघायचं. ११५ वर राहिलं तर एसएमपीएस फटाक्यासारखा उडतो. केबल आणि सॉकेट बदलून पाहा. प्लग काढून पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा, मग पुन्हा लावा. तरी सुन्न असेल तर २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढून त्यातली हिरवी आणि एक काळी तार क्लिपने जोडा. पंखा फिरला एवढ्यावर समाधान मानू नका. पिवळ्या तारेवर मल्टिमीटरने ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळायला हवेत. ऑफिसातल्या छोट्या कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचा ६ किंवा ८ पिनांचा कनेक्टर असतो, तिथे हा क्लिपचा खेळ करू नका. त्याच मॉडेलचा दुसरा एसएमपीएस लावून बघणं बरं. आणि एसएमपीएस उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहतो.

आता खरी डोकेदुखी: पंखा फिरतोय, पडदा काळा. ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून लॉटमध्ये निघालेला पीसी गोदामात पडून राहतो, मग टेम्पोत आदळत घरी येतो. त्यात ठाणे-नवी मुंबईची खाडीकाठची दमट हवा. जुलैपर्यंत धूळ ओलसर होऊन रॅमच्या स्लॉटात चिकटून बसते आणि संपर्क तुटतो.

सगळे सांगतात, रॅम खोडरबरने पुसा. अर्धाच सल्ला आहे हा. पट्टी चकाचक होते, घाण स्लॉटातच राहते आणि रबराचा चुरा वर आणखी भर घालतो. पेन्सिलचा मऊ पांढरा रबर एकदा हलका फिरवलात तर चालेल. शाईचा खरखरीत रबर किंवा पॉलिशपेपर मात्र नको, पिनांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. त्यानंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी पुसा. त्यातच बुडवलेला मऊ ब्रश स्लॉटातून लांबीच्या दिशेने फिरवा. पाच-दहा मिनिटं वाळू द्या. तोंडाने फुंकर मारू नका. थुंकीचे तुषार म्हणजे पुन्हा ओलावाच. शेवटी प्लग काढलेल्या अवस्थेतच पट्टी त्या स्लॉटात चार-पाच वेळा बसवा आणि काढा. पिना एकमेकींवर घासून संपर्क मोकळा होतो, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

एका वेळी एकच पट्टी लावा, प्रत्येक पट्टी प्रत्येक स्लॉटात तपासा. दोन्ही बाजूंचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. सुरू केल्यावर लगेच हताश होऊन वीज तोडू नका. रॅम बदलल्यावर मशीन कधी कधी स्वतःच बंद-चालू होतं. रॅमच्या पिढ्यांपैकी डीडीआर४ला दोन मिनिटं द्या, डीडीआर५ला त्याहून जास्त.

तरी अंधारच? मग सगळी रॅम काढून सुरू करा. बीप वाजली किंवा दिवा ठरावीक लयीत लुकलुकला, तर बोर्ड आणि प्रोसेसर बहुतेक जिवंत आहेत, म्हणजे दुसरी रॅम आणून बघण्यात अर्थ आहे. कॅबिनेटला स्पीकरच नसेल तर शांततेवरून निष्कर्ष काढू नका, आधी बोर्डाच्या स्पीकर पिनांवर छोटा बझर लावा. उसनी रॅम आणताना पिढी जुळवा: डीडीआर३ची पट्टी डीडीआर४च्या स्लॉटात बसतच नाही. सर्व्हरमधून काढलेली स्वस्त ‘रजिस्टर्ड’ रॅम साध्या डेस्कटॉपवर चालत नाही, भाव कितीही मोहात पाडो. प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर सुटला असेल तरी पंखे मजेत फिरतात, तोही दाबून बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच हवी.

लोगो येऊन निळा पडदा दिसतो का? फॉरमॅट मारायची घाई नको. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा असतो, २.८ च्या खाली असेल तर बदला. सेल मेला की बायोसची (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्राम) सेटिंग मूळपदावर जातात. त्यातलंच एक साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत: एएचसीआय किंवा रेड. विंडोज एएचसीआय मोडमध्ये टाकलेलं आणि सेटिंग परत रेडवर गेलेली, असं झालं की ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा संदेश येतो. नवा सेल घाला, साटा मोड पालटून पाहा. नाही जमलं तर पुन्हा होता तसा ठेवा. बायोस पासवर्ड मागत असेल तर मात्र विकणाऱ्याला लगेच फोन लावा.