उत्तर अमेरिकेच्या रानातला अस्सल मेपल कसा ओळखावा

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात रस्त्याकडेला उभा असलेला मेपल बरेचदा मूळचा तिथला नसतोच. तो असतो नॉर्वे मेपल, अठराव्या शतकात युरोपातून आणलेला. त्याचे पान तिथल्या शुगर मेपलच्या पानाशी इतके जुळते की नुसत्या पानावर विसंबणारा हमखास फसतो. म्हणून सुरुवात फांद्यांपासून करा.

मेपलच्या डहाळ्या आणि पाने समोरासमोर, जोडीने फुटतात. एक डावीकडे, पुढची उजवीकडे अशी रचना दिसली तर ते झाड मेपल नाही. ॲश आणि डॉगवुडच्याही फांद्या समोरासमोरच असतात, त्यामुळे पुढे फळ शोधा. मेपलच्या दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक पंख असतो. ॲशची पंखवाली बी एकेकटी असते. बॉक्सएल्डर हाही मेपलच, पण त्याचे पान अनेक पर्णिकांचे, म्हणजे एका देठावरच्या अनेक लहान पानांचे, असल्याने तो ॲशसारखा दिसतो. तिथे फळच खरे काय ते सांगते.

आता सगळ्यात भरवशाची चाचणी. उन्हाळ्यात एक पान देठासकट तोडा आणि देठ हलकेच दाबा. दुधासारखा पांढरा चीक आला तर तो नॉर्वे मेपल. शुगर मेपलच्या देठातून निघणारा रस पाण्यासारखा स्वच्छ असतो. फळेही पाहा: नॉर्वेच्या बियांचे पंख जवळजवळ सरळ रेषेत पसरलेले असतात, शुगरचे घोड्याच्या नालासारखे खाली वळलेले. हिवाळ्यात पाने नसली तरी अडत नाही. शुगर मेपलच्या कळ्या तपकिरी, बारीक आणि टोकदार असतात, नॉर्वेच्या जाड आणि बोथट.

तिथल्या देशी मेपलांमधला फरक त्या मानाने सोपा. शुगरच्या पानाच्या कडा गुळगुळीत असतात आणि पानाच्या दोन खंडांमधली, म्हणजे बोटांसारख्या फाट्यांमधली, खाच गोलसर असते. रेड मेपलच्या कडेला दाते असतात, खाच टोकदार असते, आणि वसंतात पाने येण्याआधीच झाड लाल फुलांनी भरते. सिल्व्हर मेपलचे पान खोलवर चिरलेले असून खालून रुपेरी दिसते. हिरवट सालीवर पांढऱ्या उभ्या रेघा दिसल्या तर तो स्ट्राइप्ड मेपल.

यानंतर जमीन पाहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, खरे तर झाडाविषयी सर्वांत जास्त इथेच कळते. सिल्व्हर मेपल नदीकाठी, पुराचे पाणी पसरते तिथे वाढतो. बॉक्सएल्डरही ओढ्याकाठचा, पण मोकळ्या पडीक जागेतही रुजतो. रेड मेपल दलदलीत दिसतो आणि कोरड्या टेकडीवरही, त्यामुळे केवळ जागेवरून त्याचा निर्णय करू नका. शुगर मेपलला खोल, ओलसर, पण पाणी न साचणारी माती लागते. पूर आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेले मीठ त्याला सोसत नाही. बीच आणि यलो बर्च ही झाडे त्याची नेहमीची सोबती. त्याची रोपे दाट सावलीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि एखादे मोठे झाड पडून उजेड आला की झपाट्याने वाढतात.

पण सावलीत नॉर्वे मेपलही तितक्याच जोमाने रुजतो, आणि शहरालगतच्या रानांत तो देशी रोपांची जागा घेतो. अशा रानात मोठे झाड शुगर मेपलचे निघाले तरी त्याच्या पायाशी उगवलेल्या रोपांचे देठही तोडून पाहा.