तोरिचेल्लीच्या नळीत निळा रंग नको: जुनी हवामान-यंत्रं मुलांसाठी रेखाटताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त चुका तोरिचेल्लीच्या नळीच्या, म्हणजे हवेचा दाब दाखवणाऱ्या जुन्या यंत्राच्या, चित्रात सापडतात. १६४४च्या सुमाराच्या त्या इटालियन प्रयोगात वरून बंद असलेली नळी पाऱ्याच्या वाटीत उपडी उभी केली होती आणि नळीतही पाराच होता. चित्रकार मात्र सवयीनं निळा रंग भरतात आणि मुलं ते पाणी समजतात. पाणी वापरायचं तर दहा मीटरांहून उंच नळी लागते, टेबलावर ती मावणारच नाही. म्हणून चंदेरी-राखाडी रंग घ्या, एका कडेला पांढरी चमक सोडा आणि पाऱ्याचा माथा किंचित फुगीर काढा. पाण्यासारखा खोलगट नको.

उंचीही मोजूनच घ्या. नळीतला पारा सुमारे ७६ सेंमी उंच उभा राहतो, म्हणून एक मीटरची नळी कागदावर १० सेंमी धरली, तर ७.६ सेंमीवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारा. माप वाटीतल्या पाऱ्याच्या पातळीपासून घ्यायचं, तळापासून नाही. शेजारी उभ्या रेषेपासून ३० अंशांत कललेली नळी काढलीत, तर तिच्यातला पाराही त्याच रेघेला टेकतो, मात्र नळीच्या कडेनं मोजल्यास तो ८.८ सेंमी भरतो. ही जोडी जरूर काढा. पाऱ्याला बाहेरची हवा तोलून धरते, हे त्यातून लगेच कळतं. पाऱ्यावरची जागा कोरी ठेवा, तिथे ‘हवा’ लिहू नका. नळीचं तोंड बुडालेलं हवं, पण तळाला चिकटलेलं नको.

दुसरा गोंधळ गॅलिलिओचा. रंगीत फुगे तरंगणारी जी काचनळी त्याच्या नावानं विकली जाते, ती त्यानं बनवलेली नाही. तापमानातला बदल दाखवणाऱ्या त्याच्या उपकरणाचं वर्णन शिष्य कास्तेल्लीनं करून ठेवलं आहे: कोंबडीच्या लहान अंड्याएवढा काचेचा फुगा, गव्हाच्या काडीसारखी बारीक मान, आणि ती मान खाली पाण्यात बुडवलेली. म्हणजे फुगा वर येतो! आतली हवा तापून पसरली की पाणी खाली उतरतं. आजच्या तापमापकाच्या सवयीनं इथे हमखास उलटा बाण पडतो. अंशांच्या खुणाही काढू नका.

सेल्सिअसची १७४२ची तापमानाची पट्टी काढताना उकळत्या पाण्याला ०, गोठणाऱ्याला १००. आजचा क्रम नंतर आला. रॉबिन्सनच्या १८४६च्या वायुवेगमापकाला चार वाट्या होत्या, तीन नव्हेत. वाट्यांची गोल पाठ फिरण्याच्या दिशेला पुढे ठेवा, कारण वारा पोकळ बाजूवर जास्त जोर लावतो.

वातकुक्कुटाची, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्याची, चोच वारा येतो त्या बाजूला असते. चित्रात झेंडा उजवीकडे फडकत असेल, तर चोच डावीकडे.