पार्ट येईना, गाडी अडली: काय करावं

नागपुरात पार्ट अडला की तो बहुधा पुण्या-मुंबईहून येतो. पुणंच सातशे किलोमीटर; रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल सकाळी मिळतं, पण तिकडच्या डेपोतच माल नसेल तर ट्रॅव्हल्स तरी काय करणार?

आधी आरसीवरचा १७ अंकी-अक्षरी चेसिस नंबर काउंटरवर द्या. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, म्हणून गोल दिसलं की शून्यच लिहा. नुसतं मॉडेल सांगून मागवलं की हमखास चुकीचा पार्ट येतो, आणि इलेक्ट्रिकलचा माल बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत. पार्ट नंबर बंद झाला असेल तर बदली नंबर विचारा. कित्येकदा माल त्या बदली नंबरानं पडून असतो.

गाडी चालती असेल तर पार्ट हातात येईपर्यंत उघडू नका. क्लचचंच बघा: गिअरबॉक्स उतरवला आणि रिलीज बेअरिंगच आलं नाही, तर गॅरेजची गाडी उचलायची लिफ्ट अडते अन् गाडीही. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही जुळवूनच हात घाला.

अल्टरनेटर, स्टार्टर रीकंडिशन केलेला, म्हणजे जुनाच दुरुस्त करून दिलेला, चालतो. ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये मात्र जुना माल नकोच. रेडिएटरचा पंखा बंद असेल तर मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत 'हळूहळू चालवतो' म्हणू नका, इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) जाईल.

गॅरेजवाल्यांनी ॲडव्हान्सच्या पावतीवर पार्ट नंबर, कंपनी, अंदाजे तारीख लिहावी. उशीर होणार असेल तर ग्राहकाच्या फोनची वाट न बघता आपणच कळवावं.