अभिलेख गोदामात पाठवताय? कागदपत्रांच्या तयारीतील या चुका टाळा

मार्चअखेर संपली की कोल्हापुरातील अनेक कार्यालयांत एकच धांदल सुरू होते. कपाटे ओसंडून वाहत असतात, नव्या वर्षाच्या फायलींना जागा हवी असते आणि गोकुळ शिरगावला किंवा कागलकडे भाड्याने घेतलेल्या गोदामात जुने कागद हलवण्याचा आदेश निघतो. आदेशात टेम्पोची तारीख असते, हमालांची सोय असते, खोकी कोठून आणायची तेही असते. यादी कोणी आणि कधी करायची, हे मात्र बहुधा नसते. या कामातील बहुतेक चुकांचे मूळ तेथेच आहे. कागद शेजारच्या कपाटात असतो तोवर तो कोणाच्या तरी आठवणीवर सापडतो. तो गावाबाहेरच्या गोदामात गेला की केवळ यादीवर सापडतो. म्हणून यादी आधी आणि खोका नंतर, हा क्रम मी कोणत्याही कारणाने मोडू देत नाही.

‘जुने’, ‘इतर’ आणि ‘संकीर्ण’

सर्वांत जास्त नुकसान करणारी आणि तरीही दर वर्षी नव्या उत्साहाने केली जाणारी चूक म्हणजे खोक्यावर आणि यादीत ‘पगार – जुने’, ‘इतर पत्रव्यवहार’ किंवा ‘संकीर्ण’ एवढेच लिहून मोकळे होणे. लिहिणाऱ्याला त्या दिवशी आत काय आहे ते ठाऊक असते, त्यामुळे त्याला ते पुरेसे वाटते. पाच वर्षांनी तो माणूस बदली होऊन गेलेला किंवा निवृत्त झालेला असतो आणि ‘जुने’ या शब्दातून कोणालाही काहीही कळत नाही.

शिरोली परिसरातील एका कारखान्यात याचा काय परिणाम होतो ते मी जवळून पाहिले आहे. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला आणि वेतनमर्यादेऐवजी प्रत्यक्ष वेतनावर वाढीव पेन्शन मागणाऱ्या कामगारांचे अर्ज येऊ लागले. कामगारांचे अर्ज भरून झाले, पण त्यापुढे मालकाने त्यांच्या वेतनाचा महिनावार तपशील सादर करणे आवश्यक होते. हा तपशील जुन्या पगारपत्रकांत आणि भविष्यनिर्वाह निधीच्या फॉर्म ३ए (प्रत्येक सदस्याचे वार्षिक वर्गणीपत्रक) व ६ए (सर्व सदस्यांचे एकत्रित वार्षिक विवरण) मध्ये होता, आणि ते सगळे काही वर्षांपूर्वीच गोदामात गेलेले होते. यादी मागितली तेव्हा एक पान हाती आले. त्यावर खोक्यांचे क्रमांक होते आणि बहुतेक क्रमांकांसमोर ‘एचआर जुने’ हे दोनच शब्द होते.

खोकी एकेक करून उघडावी लागली. पहिल्यात वरच्या थराला खरोखरच पगारपत्रके होती, त्यांच्याखाली विजेची बिले आणि कँटीनच्या कुपनांची पुस्तके होती, आणि तळाशी वेगळ्याच दशकातील हजेरीपत्रके होती. फॉर्म ३ए चा एक गठ्ठा रबर बँडने बांधलेला होता. ते रबर वितळून कागदाला इतके घट्ट चिकटले होते की वरचा फॉर्म सोडवताना सदस्याचे नाव आणि खाते क्रमांक असलेली ओळच त्याच्याबरोबर निघून आली. एका कामगाराच्या नोकरीच्या मधल्या काही वर्षांची पत्रके कोठेच मिळेनात. शेवटी ती ‘स्टोअर्स’ असे लिहिलेल्या खोक्यात सापडली, कारण भरणाऱ्याकडे त्या दिवशी तेवढीच रिकामी जागा उरली होती. मालकांना तपशील देण्यासाठी मुदतवाढ मिळत गेली म्हणून ते प्रकरण निभावले. आयुष्यभर भट्टीपुढे काम केलेला माणूस आपल्या हक्काच्या पेन्शनसाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो आणि आपण त्याला ‘कागद गोदामात आहेत, शोधतोय’ असे सांगतो, याचे मला आजही फार वाईट वाटते.

यावर माझी सवय अशी आहे. प्रत्येक फाईल स्वतः उघडायची, तिच्यातील पहिल्या आणि शेवटच्या कागदाची तारीख बघायची आणि यादीत त्याच दोन तारखा लिहायच्या. पाठीवर छापलेल्या वर्षावर विश्वास ठेवायचा नाही. विषय लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, की ज्याने ही फाईल कधी पाहिलेली नाही असा माणूस ती मागायला आला तर कोणत्या शब्दांत मागेल. तेच शब्द यादीत घालायचे. ‘संकीर्ण’ हा शब्द माझ्या यादीत चालत नाही. खरोखरच सरमिसळ असेल तर आत काय काय आहे ते तीन ओळींत लिहायचे आणि त्या तीन ओळींना लागणाऱ्या वेळाची तक्रार करायची नाही.

नव्याने या कामाला लागलेली मुले हा वेळ वाचवण्यासाठी एक्सेलमध्ये पहिल्या रकान्याचा कोपरा धरून खाली ओढतात. फाईल क्रमांक ११२, ११३, ११४ असे सुबक उतरतात, पण प्रत्यक्षात ११३ क्रमांकाची फाईल तीन वर्षांपूर्वीच वकिलांकडे गेलेली असते. यादीत नोंद आहे आणि खोक्यात फाईल नाही, ही स्थिती यादी नसण्यापेक्षा वाईट आहे, कारण मग गोदामवाल्यावर संशय घेतला जातो.

मुदत चुकीच्या दिवसापासून मोजणे

खोक्यावर ‘नष्ट करण्याची तारीख’ घालताना बहुतेक जण आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपासून बोटे मोजतात. वस्तू व सेवा कराच्या हिशेबांच्या बाबतीत मुदत त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने अशी आहे. २०२२-२३ चे वार्षिक विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२३ होती, म्हणजे ते हिशेब ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत ठेवणे बंधनकारक आहे. मार्च २०२३ पासून सहा वर्षे मोजणारा माणूस ते नऊ महिने आधीच कागद कापणाऱ्या यंत्राच्या तोंडी देईल. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा अंतिम निकाल लागल्यानंतरही एक वर्ष थांबावे लागते. कंपनी असेल तर कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षे ठेवाव्या लागतात. एकाच व्हाउचरला दोन कायदे लागू होत असतील तर लांबची तारीख धरायची, यावर चर्चा करण्यासारखे काही नाही.

मी यादीत नष्ट करण्याच्या तारखेआधी एक स्वतंत्र रकाना ठेवतो आणि त्यात मुदत कोणत्या घटनेपासून सुरू झाली ते लिहितो: विवरणपत्राची देय तारीख, कराराची समाप्ती, कर्जाची पूर्ण परतफेड, कर्मचाऱ्याची निवृत्ती. घटना अजून घडलेली नसेल तर तारीख रिकामी सोडतो. दहा वर्षांच्या भाडेकराराची फाईल करार चालू असतानाच ‘आठ वर्षांनी नष्ट’ असा शिक्का मारून पाठवलेली मी पाहिली आहे, म्हणून हा आग्रह आहे.

शासकीय कार्यालयांत हे वर्गीकरण पूर्वीपासून ठरलेले आहे. उदाहरणार्थ, ‘अ’ वर्गातील कागद कायम ठेवायचे, ‘ब’ म्हणजे ३० वर्षे, ‘ड’ म्हणजे एक वर्ष. आणि सहा गठ्ठे पद्धतीत, म्हणजे टेबलावरची प्रकरणे स्थितीनुसार सहा गठ्ठ्यांत लावण्याच्या सरकारी पद्धतीत, अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा गठ्ठा वेगळा असतो. खासगी आणि सहकारी संस्थांतील मंडळी या पद्धतीला जुनाट म्हणतात, पण फाईल बंद होतानाच तिचा वर्ग ठरवण्याची शिस्त त्यांनी उचलली तर मार्चअखेरची निम्मी धांदल कमी होईल.

यादीची एकच प्रत

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा शाहूपुरी आणि लक्ष्मीपुरीतील कितीतरी कार्यालयांच्या तळमजल्यांत पाणी शिरले. त्यांपैकी एका कार्यालयाचे जुने अभिलेख उंचावरच्या गोदामात सुरक्षित होते आणि एकही खोका भिजला नव्हता. भिजली ती यादी, कारण तिची एकमेव प्रत तळमजल्यावरच्या कपाटात, खालच्या कप्प्यात होती आणि ज्या संगणकावर ती तयार केली तोही त्याच टेबलाखाली होता. सुखरूप राहिलेले सगळे खोके पुन्हा उघडून नव्याने यादी करावी लागली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले, त्यामुळे ‘शंभर वर्षांतून एकदा होते’ असे म्हणून हा विषय टाळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

एक प्रत खोक्यात सर्वांत वर, एक गोदामात, एक कार्यालयात आणि एक संगणकीय प्रत कार्यालयाच्या इमारतीबाहेर, एवढे मी करतोच. कार्यालयातील कागदी प्रत कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते.

थोडक्यात सांगता येतील अशा चुका

वेगवेगळ्या मुदतीचे कागद एका खोक्यात भरू नयेत, नाहीतर एका कायमस्वरूपी ठरावासाठी खोकाभर बिले कायम भाडे खात राहतात.

खोक्याच्या झाकणावर लिहू नये. रचल्यावर झाकण दिसत नाही. अरुंद बाजूवर लिहावे आणि फक्त खोका क्रमांक लिहावा, कर्मचाऱ्यांची नावे किंवा ‘गोपनीय’ असे शब्द बाहेर नकोत.

पाचशे कागदांचे रीम साधारण अडीच किलोचे भरते, म्हणजे सहा रीम एवढे कागद भरले की खोका १५ किलोवर जातो. त्यापुढे तळ फाटतो आणि हमालाची कंबरही जाते.

थर्मल कागदावरच्या पावत्या काही वर्षांत कोऱ्या होतात, त्यांची झेरॉक्स काढून मूळ पावतीला जोडावी. रबर बँड आणि सेलोटेप काढून टाकावेत. पांढरी सुती नाडी पुरते.

मूळ खरेदीखते, गहाणखते आणि भागधारकांची नोंदवही गोदामात पाठवू नये. त्यांची जागा तिजोरीत आहे.

‘सगळे स्कॅन करून टाकू, मग यादीची गरजच नाही’ असे सांगणारे दर वर्षी भेटतात. ‘स्कॅन०००१’ पासून सुरू होणाऱ्या हजार पीडीएफ आणि ‘एचआर जुने’ लिहिलेला खोका यांत मला काही फरक दिसत नाही.

पाठवण्याचा दिवस

मार्चअखेर झाली म्हणून एप्रिल-मेमध्येच खोकी हलवण्याची घाई करू नये. त्या दिवसांत दुपारनंतर वळीव कधी येईल याचा नेम नसतो आणि उघड्या टेम्पोतील खोकी ताडपत्री ओढेपर्यंत भिजतात. ओलसर झालेला खोका तसाच रचला की आत बुरशी येते आणि तिच्या मागून कसर. मी हे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर ठेवतो. त्या सुमारास लेखापरीक्षणही उरकलेले असते, त्यामुळे परवा पाठवलेली फाईल आज परत मागवण्याचे प्रकारही कमी होतात.

टेम्पो भरताना एक जण यादी वाचतो आणि दुसरा खोक्यावरचा क्रमांक मोठ्याने सांगतो. गोदामात उतरवताना तीच मोजणी पुन्हा होते आणि प्रत्येक क्रमांकासमोर रॅक व कप्पा लिहिला जातो. क्रमांक जुळले नाहीत तर त्या रात्री टेम्पो तेथेच थांबतो. ताबा देणारा आणि घेणारा या दोघांच्या सह्या, नावे, हुद्दे आणि तारीख यादीच्या प्रत्येक पानावर आल्याशिवाय मी वाहतुकीच्या बिलावर सही करत नाही.