दुखण्यासाठी विजयाचं तेल घेताय? आधी हे बघा

कंबर, गुडघा, नस दबणं, असं जुनं दुखणं असलं की आजकाल नागपुरात कोणी ना कोणी म्हणतंच, विजयाचं तेल घेऊन बघा. हे गांजाच्याच झाडाचं औषध आहे, म्हणून नीट सांगून राहिलो.

नसांच्या दुखण्यात काही जणांना थोडा आराम पडतो, झोपही बरी लागते, पण दुखणं मुळातून जात नाही. आधी मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना) नाहीतर एम्सच्या ओपीडीत दुखण्याचं कारण शोधा. तिथं जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, कारण रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनशी याचं जमत नाही आणि झोपेच्या गोळीसोबत तर गुंगी फारच चढते.

डॉक्टरची चिठ्ठी असेल तरच घ्या, बाटलीवर लायसन्स नंबर, एक्सपायरी आणि टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) किती मिलिग्रॅम ते वाचा. सुरुवात रात्री, सांगितलेल्या सगळ्यात कमी थेंबांनी. पोटातून घेतलं की असर यायला अर्धा ते दोन तास लागतात, काहीच होऊन नाही राहिलं म्हणून परत थेंब टाकू नका, लोकं इथंच फसतात! गुंगी असताना गाडी अजिबात नाही.

रोज घेतलं की सवय लागते, डोस वाढतो, एकदम बंद केलं तर चिडचिड होते, झोप उडते. सारख्या उलट्या व्हायला लागल्या तर लगेच डॉक्टरला सांगा. गरोदर बायका, पोरं, हार्ट पेशंट, घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल ते, यांनी लांबच राहा.

आणि पुडीतला गांजा १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गुन्हाच आहे, दुखण्यासाठी घेतला म्हणून सूट नाही.