इंदूरच्या घरासाठी सौर एलईडी दिवे: अंगण, फाटक आणि परसदार

बाजारात तयार मिळणाऱ्या बागेतल्या सौर दिव्यांची मुख्य अडचण अशी, की त्यांचा चिमुकला पॅनेल दिव्याच्याच डोक्यावर बसवलेला असतो आणि उजेड जिथे हवा तिथे ऊन बहुधा नसते. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगर येथील घरांची फाटके झाडांच्या किंवा शेजारच्या इमारतीच्या सावलीत येतात. रामबाग, नारायण बाग भागातल्या जुन्या घरांच्या चौकात तर हिवाळ्यात ऊन तासभरच टिकते. म्हणून पॅनेल गच्चीवर, बॅटरी जिन्याखाली आणि दिवे हवे तिथे अशी विभागणी करून बारा व्होल्टची छोटी यंत्रणा स्वतः उभारणे अधिक शहाणपणाचे आहे.

खरेदीपूर्वी कागद घेऊन रात्रीचा हिशेब करावा. इंदूरमध्ये डिसेंबरात रात्र सुमारे १३ तासांची असते. फाटकावर आणि पायऱ्यांवर ३ वॉटचा एकेक दिवा रात्रभर ठेवायचा असेल, तर त्यांना ७८ वॉट-तास लागतात. परसदारी ५ वॉटचे दोन दिवे हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर ठेवले आणि ते रात्रीतून एकूण तासभर पेटले, तर आणखी १० वॉट-तास होतात. ही बेरीज साधारण ९० धरून तारा, कंट्रोलर (पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणारे उपकरण) व बॅटरी यांतली १५ टक्के गळती मिळवली, म्हणजे रोजची गरज सुमारे १०५ वॉट-तास येते. सगळे दिवे रात्रभर पूर्ण तेजाने पेटवायचे ठरवल्यास हाच आकडा दुपटीपुढे जातो. सेन्सरवर केलेला थोडा खर्च त्यामुळे बॅटरीच्या किमतीत सहज भरून निघतो.

बॅटरी दोन रात्रींपुरती असावी. २१० वॉट-तासांची गरज आणि क्षमतेच्या ८० टक्केच वापर हे धरले, तर लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची बॅटरी जवळपास नेमकी बसते. इन्व्हर्टरच्या दुकानांत मिळणारी शिसे-आम्लाची बॅटरीही चालते. मात्र ती निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिला मानवत नसल्यामुळे दुपटीच्या जवळपास क्षमतेची घ्यावी लागते आणि तिच्यासाठी हवेशीर जागा हवी. माझे मत लिथियमच्या बाजूने आहे, पण अंगभूत संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, असलेलीच घ्यावी.

पॅनेलचा आकार मात्र मे महिन्याच्या उन्हावर ठरवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ दिवसेंदिवस झाकलेले राहते, आणि अशा दिवशी पूर्ण तेजाच्या दोन तासांइतकेच ऊन मिळेल असे गृहीत धरणे बरे. ७५ वॉटच्या पॅनेलपासून अशा दिवशी, ३० टक्के घट वजा करून, १०५ वॉट-तास मिळतात, म्हणजे गरजेपुरतेच. इंदूर महानगरपालिकेने नर्मदेचे पाणी उपसण्यासाठी जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प योजला आणि त्यासाठी २०२३ मध्ये हरित रोख्यांद्वारे २४४ कोटी रुपये उभारले. आपला हिशेब त्या मानाने नगण्य असला, तरी पावसाळ्याचे गणित दोघांनाही सारखेच मांडावे लागते.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २३ अंशांच्या कलाने बसवावा, कारण इंदूरचा अक्षांशही जवळपास तेवढाच आहे. कोनमापक नसेल, तर पॅनेलच्या उताराच्या दर १०० सेंटिमीटर लांबीमागे मागची कड ३९ सेंटिमीटर उंच ठेवावी. त्याहून महत्त्वाची गोष्ट सावलीची आहे. पॅनेलमधील छत्तीस सेल एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली सावलीही उत्पादन मोठ्या प्रमाणात खाली आणते. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य भर दुपारीही जेमतेम ४४ अंशांवर असतो आणि सकाळी नऊ वाजता पाण्याच्या टाकीची सावली तिच्या उंचीच्या दुपटीहून लांब पडते. तेव्हा जागा निवडताना टाकीच्या उत्तरेची बाजू टाळावी. गच्चीला भोके पाडल्यास पावसाळ्यात गळतीला निमित्त मिळते, म्हणून लोखंडी कोनाच्या चौकटीवर निदान ५० किलो वजनाचे काँक्रीटचे ठोकळे ठेवावेत. पावसाळ्यापूर्वीच्या वादळी झोतात अर्धा चौरस मीटरचा पॅनेल पतंगासारखा उचलला जाऊ शकतो.

दिवे निवडताना वरवर स्वस्त दिसणारी एलईडी पट्टी टाळावी, आणि याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. अशा पट्टीत तीन-तीन एलईडी एका रोधकासह (रेझिस्टरसह) जोडलेले असतात. एलईडींवर मिळून ९ ते ९.५ व्होल्ट खर्च होतात आणि उरलेले अडीच-तीन व्होल्ट रोधक सोसतो. चार्ज होताना बॅटरी १४ व्होल्टच्या पुढे गेली, की रोधकावरील दाब, म्हणजे व्होल्टेज, पावणेदोन-दोनपट होतो आणि प्रवाहही त्याच प्रमाणात वाढतो. रात्री चार्जिंग नसले तरी पूर्ण भरलेली बॅटरी १३ व्होल्टच्या वरच असते, त्यामुळे पट्टी सतत नेमून दिलेल्यापेक्षा जास्त तापते आणि लवकर काळवंडते. यासाठी ज्यावर १० ते ३० व्होल्ट अशी मर्यादा लिहिलेली आहे आणि ज्यात प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर आहे, असाच दिवा घ्यावा. उघड्यावरच्या दिव्याला आयपी ६५ दर्जा, म्हणजे धूळ व पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण, हवा. प्रकाशाचा रंग ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर असला, तर पांढऱ्या-निळसर उजेडाच्या मानाने पावसाळ्यातले किडे कमी जमतात.

चार्ज कंट्रोलर १० अँपिअरचा पुरेसा होतो, परंतु त्यात लिथियम आयर्न फॉस्फेटची स्वतंत्र सेटिंग असली पाहिजे. शिसे-आम्लाच्या सेटिंगमध्ये ठरावीक काळाने होणारे इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेले चार्जिंग, लिथियम बॅटरीची १४.६ व्होल्टची मर्यादा ओलांडते, आणि मग बीएमएस बॅटरीची जोडणी तोडते. पॅनेलचा दाब उतरला की रात्र झाली असे कंट्रोलर स्वतः ओळखतो, त्यामुळे वेगळा प्रकाश-सेन्सर लागत नाही.

जोडणीचा क्रम काटेकोरपणे पाळावा: आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे, काढताना नेमका उलटा. कंट्रोलरला यंत्रणेचा व्होल्टेज बॅटरीवरून समजतो, आणि बॅटरीविना पॅनेलचे वीस-बावीस व्होल्ट थेट आल्यास तो बिघडू शकतो. प्रत्येक जोडणीपूर्वी मल्टिमीटरने धन-ऋण टोके तपासावीत. बॅटरीच्या धन टोकाजवळच १० अँपिअरचा फ्यूज बसवावा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून आग लागू शकते, म्हणून या कामात फ्यूजची काटकसर अक्षम्य आहे. बॅटरी ते कंट्रोलर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि दिव्यांकडे १.५ चौरस मिलिमीटरची वापरावी. १५ मीटर अंतरावर एका अँपिअरला या दुसऱ्या तारेत सुमारे ०.३६ व्होल्ट गळतात, ते चालतात. घरातील २३० व्होल्टच्या तारांच्या पाइपमधून या तारा कदापि नेऊ नयेत, आणि पॅनेलच्या चौकटीला अर्थिंग द्यावे.

बॅटरी गच्चीवरच्या पेटीत ठेवण्याचा मोह होतो, कारण तार वाचते. इंदूरच्या मे महिन्यात बंद पेटीतले तापमान बाहेरच्या ४० अंशांहून बरेच वर जाते आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. जिन्याखालची कोरडी, सावलीची जागाच योग्य.

देखभालीचे काम थोडे आहे. उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा पहाटे पॅनेल मऊ फडक्याने पुसावा; बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, म्हणून नळाचे पाणी वापरावे. घर राजवाड्याच्या परिसरात असेल, तर रंगपंचमीच्या गेरीनंतर, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर, त्याच दिवशी काच धुवावी, नाहीतर गुलालाचा थर सुकून घट्ट बसतो. सकाळी ऊन पडण्यापूर्वी, दिवे बंद असताना, बॅटरीचा व्होल्टेज पाहावा. तो १३ च्या आसपास असेल तर काळजी नाही. १२.८ किंवा त्याहून खाली सलग काही दिवस दिसल्यास आधी पॅनेलवर नवी सावली येते का हे तपासावे, मग सैल झालेले स्क्रू पाहावेत. दोन्ही ठीक असतील, तर पाऊस सरेपर्यंत परसदारच्या सेन्सरची वेळ कमी करावी.